गाडी चाकणला थांबली पाहिजे



सकाळी सहाच्या सुमाराला चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून पाहा. भोसरी-मोशीकडून आलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, शिक्रापूरच्या बाजूनं येणारे कंटेनर, नव्याकोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर आणि या सगळ्यांतून वाट काढणारे दुचाकीस्वार. कायम कामगाराला निदान कंपनीची बस असते. ठेक्यावरचा पोरगा पाठीला डबा लावून शेअर रिक्षा शोधत असतो. गेटवर पोहोचायला उशीर झाला, तर त्याचा अर्धा रोज बुडतो.

बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा कंपन्यांची वाहनं या पट्ट्यात तयार होतात. पण चाकणला रेल्वे स्टेशन नाही. पुण्याहून नाशिकला रेल्वेनं जायचं, तर आधी बोरघाट उतरून कल्याणकडे जायचं आणि मग कसाऱ्याचा घाट चढायचा, नाहीतर दौंड-मनमाडचा वळसा घ्यायचा.

म्हणूनच महारेल या सरकारी कंपनीनं पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आराखडा मांडला, तेव्हा चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या साऱ्या पट्ट्यानं तो उचलून धरला. सुमारे 235 किलोमीटरचा मार्ग, ताशी 200 किलोमीटर वेग आणि पावणेदोन तासांत नाशिक! काही गावांत जमिनीची खरेदीखतंही झाली.

अडचण आली ती नारायणगावजवळच्या खोडदला. खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण तिथं आहे. एकेक 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना त्या परिसरात पसरल्या आहेत. जवळपास विजेची ठिणगी उडाली की आपल्या रेडिओत खरखर होते, हे तुम्ही ऐकलं असेल. खोडदच्या अँटेना तर दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपतात. विजेवर धावणारी गाडी शेजारून गेली, तर त्या लहरी गोंगाटात हरवतील. ही दुर्बीण जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. ती जपलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण त्यावरचा उपाय म्हणून अख्खा मार्गच अहिल्यानगर-शिर्डीकडून वळवायचा, हे मला पटत नाही. त्यानं नाशिक जोडलं जाईल, पण जुन्नर, आंबेगाव, संगमनेर हे तालुके पुन्हा रेल्वेवाचून राहतील. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा बटाटा ट्रकनंच जाईल. दुर्बिणीपासून सुरक्षित अंतर राखून याच पट्ट्यातून वाट काढता येईल का, हे शास्त्रज्ञ आणि रेल्वेचे अभियंते यांनी एकत्र बसून, सगळे पर्याय तपासून लोकांसमोर मांडावं.

मार्ग कुठलाही ठरो, चाकणला डावलून चालणार नाही. आणि नुसती पाटी लावून स्टेशन होत नाही. पहिली पाळी भरण्याआधी पोहोचणारी गाडी हवी, दुसरी पाळी सुटल्यावर रात्री परत नेणारी हवी. वेगवान गाडीचं तिकीट कामगाराला झेपणार नसेल, तर त्याच रुळांवर थांबत थांबत जाणारी लोकल आणि तिचा मासिक पास हवा. स्टेशनातून बाहेर पडल्यावर एमआयडीसीच्या प्रत्येक टप्प्याकडे जाणारी पीएमपीची बस उभी हवी. या मागण्या स्टेशनची जागा ठरण्याआधीच आराखड्यात लिहून घ्यायला हव्यात. भोसरी, मोशी, चाकण, खेड इथल्या ग्रामसभांनी, नगरसेवकांनी आणि कामगार संघटनांनी त्यासाठी आताच निवेदनं द्यायला हवीत.