चाकांवरचे बिऱ्हाड आणि फौजेची साधी छावणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



परदेशाहून परतलेल्या बाईला बोलायला उभे केले, की उंच इमारती आणि झगझगीत दुकाने यांचे वर्णन ऐकायला मिळणार असे सर्वांना वाटते. ते वर्णन आपल्या मुलाबाळांनी पाठवलेल्या छायाचित्रांतून आपण पुष्कळ पाहिले आहे. मी आज एका साध्या, बिनदिमाखी जागेविषयी सांगणार आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्या वास्तूमागच्या दोन खोल्यांचे काय करावे, हा प्रश्न मंडळापुढे आहे. काही भगिनींना तेथे समारंभासाठी सजवलेले दालन हवे आहे. काहींचे म्हणणे असे, की पेन्शनच्या किंवा दवाखान्याच्या कामाला खेड्यांतून येणाऱ्या सैनिकांच्या घरच्या बायकांसाठी त्या खोल्या ठेवाव्यात. मी जे पाहिले ते या प्रश्नाला धरून आहे, म्हणून बोलते.

माझे जावई अमेरिकेच्या हवाई दलातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्यासह आम्ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लोम्पोक गावाजवळच्या व्हँडेनबर्ग या लष्करी तळावर काही दिवस राहिलो. १९४१ साली तेथे कॅम्प कुक नावाची रणगाडा दळाची छावणी झाली. १९५७ साली ती जागा हवाई दलाकडे गेली, १९५८ साली तिला व्हँडेनबर्ग हे नाव मिळाले, आणि २०२१ सालापासून तो अवकाश दलाचा तळ आहे. त्याही आधी, कित्येक शतके, त्या भूमीवर चुमाश नावाचे आदिवासी लोक राहात होते, हेही सांगितले पाहिजे.

या तळाच्या आवारात चाकांवरच्या घरांसाठी एक छावणी आहे. चाकांवरचे घर म्हणजे मोटारीला जोडलेले किंवा मोटारीतच बसवलेले छोटे बिऱ्हाड. आत ओटा, शेगडी, बिछाना, न्हाणीघर, सर्व काही असते. फक्त हातपाय पसरले की दुसऱ्याला लागतात! छावणीत प्रत्येक बिऱ्हाडाला गाडी उभी करण्यापुरती जागा, एक बाकासह टेबल, पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाण्याचे तोंड मिळते. कपडे धुण्याची यंत्रे आणि न्हाणीघरे सर्वांची मिळून असतात. करमणुकीचा थाट नाही, आणि समुद्रही दाराशी नाही. भाडे मात्र बाहेरच्या खासगी जागांच्या मानाने बेताचे. अशा छावण्या मुख्यतः वापरणाऱ्यांच्या भाड्यावरच चालतात. म्हणून थाटाला पैसा नाही आणि कोणाला मिंधेपणाही नाही.

येथे कोणी राहावे याचे नियम आहेत. नोकरीवरचे सैनिक, निवृत्त सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांना हक्क आहे. माझ्यासारख्या परदेशी पाहुणीची माहिती आधी पाठवून परवानगी घ्यावी लागली, आणि फाटकावर पासपोर्ट दाखवावा लागला. २०१८ साली तिकडे एक कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून सैन्यसेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांनाही अशा सोयी खुल्या झाल्या. त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. अशा सैनिकाची घरी शुश्रूषा करणारी जी मुख्य व्यक्ती सरकारी योजनेत नोंदलेली असते, तिलाही हा हक्क दिला आहे. भगिनींनो, जखमी माणसाची सेवा करणारी बाई कोणत्या यादीत असते? ती पत्नी म्हणून किंवा आई म्हणून करते, असे म्हणून आपण मोकळे होतो. तिचे नाव हक्काच्या यादीत आले, हे मला त्या देशातल्या उंच इमारतींपेक्षा अधिक उंच वाटले.

आता बिऱ्हाडातली गंमत सांगते. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी आणि मैल्याची नळी वेगळी. दोन्ही एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत. आपल्या आजीच्या सोवळ्यापेक्षा हे सोवळे कडक! गाडीखाली दोन टाक्या असतात, एक मोरीच्या पाण्याची व एक मैल्याची. रिकामी करताना आधी मैल्याची उघडायची आणि मागाहून मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हे काम जावई हातमोजे घालून करीत, आणि शेजारच्या बिऱ्हाडातले निवृत्त अधिकारीही तेच करीत. तेथे त्या कामासाठी दुसरा कोणी माणूस नसतो. ज्याचा मैला, त्याने काढायचा. पदाचा मोठेपणा तेथे फाटकाशीच उतरवून ठेवावा लागतो.

विजेचेही तसेच. लहान बिऱ्हाडाला ३० अँपिअरची जोडणी असते. तिकडचा दाब १२० व्होल्टचा, म्हणजे सारे मिळून ३६०० वॅट. वातानुकूल यंत्र चालू असता कोणी सूक्ष्मलहरी भट्टी लावली आणि वर पाणीही तापत ठेवले, की खटका पडून अंधार. म्हणून काय आधी व काय मागून, हे सकाळीच ठरवावे लागे. घरात चार माणसांनी एकमेकांना विचारून वीज वापरायची, ही सवय चार दिवसांत लागते.

तिकडचा समुद्र आपल्या कोकणासारखा नव्हे. उत्तरेकडून थंड प्रवाह येतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही दाट धुके पडते आणि अंगावर लोकरीचे लागते. याच किनाऱ्यावर, होंडा नावाच्या टोकाशी, ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री अमेरिकेच्या सात विनाशिका खडकांवर फुटल्या आणि २३ खलाशी गेले. पुढच्या जहाजाने धुक्यात अंदाजाने वळण घेतले, मागची त्याच्या मागोमाग गेली. त्या धुक्यात उभे राहिले म्हणजे ही हकीकत मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट एका पक्ष्याची. चिमणीएवढा एक किनारी पक्षी तेथे उघड्या वाळूत किंचित खळगा करून अंडी घालतो, बहुधा तीन. ही जात धोक्यात आहे असे १९९३ साली सरकारने जाहीर केले. तिच्या रक्षणासाठी १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात किनाऱ्याचा मोठा भाग बंद ठेवतात, आणि लोकांनी ठरावीक संख्येपेक्षा अधिक वेळा नियम मोडला तर उरलेला भागही बंद होतो. एकाने मोडले की सर्वांचे जाते. जेथून क्षेपणास्त्रे उडतात तेथे तीन अंड्यांसाठी माणसांना अडवतात, याचे मला नवल वाटले.

होय, क्षेपणास्त्रे. पुढे दक्षिणेला दूरवर मोकळा समुद्र असल्यामुळे ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह येथून सोडतात. त्याचप्रमाणे मिनिटमन नावाच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतात. त्यावर अणुबाँब नसतो. ते सुमारे ६,७०० किलोमीटर दूर, मार्शल बेटांतील क्वाजालीनकडे जाते. तेथली साधी छावणी, स्वस्त भाडे, शांत झोप हे सारे ज्या कारखान्याच्या सावलीत आहे तो कारखाना युद्धाचा आहे, हे विसरून मी तुम्हाला नुसते गोड सांगितले तर ते खरे होणार नाही. आपल्या घरचा माणूस फौजेत असला, की अभिमान आणि धास्ती एकाच उशीवर डोके ठेवून निजतात. ते तिकडेही तसेच आहे.

हे मला कळले ते कपडे धुण्याच्या खोलीत. यंत्र फिरत असते तोवर बायका बाकावर बसतात. एकीचा नवरा समुद्रापार, दुसरीची तीन वर्षांत तिसरी बदली, तिसरी अपंग पतीला हवापालट म्हणून घेऊन आलेली. आपल्यापैकी ज्यांनी अंबाल्याला नाही तर जबलपूरला पत्र्याच्या पेट्यांवर संसार मांडला, त्यांना हे परके वाटणार नाही. संध्याकाळी ध्वज उतरवताना बिगूल झाला, की मोटारी थांबत, माणसे जागच्या जागी उभी राहात. मीही उभी राहिले. देश त्यांचा, पण त्या वेळी मनात नाव आपल्या घरचे होते.

सजवलेल्या दालनात त्या बायका अशा बोलल्या असत्या का? मला शंका आहे. दालनात माणूस पाहुणा होतो, आपले दुःख पदराआड घेतो. साध्या, स्वच्छ आणि आपल्या हक्काच्या जागेत तो मोकळा होतो. त्याला तेथे आभार मानीत बसावे लागत नाही. भाडे द्यावे, जागा झाडून जावी, नियम पाळावेत, झाले.

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. त्या गावांतून आलेली बाई काम एका दिवसात झाले नाही, की बसस्थानकाच्या बाकावर रात्र काढते, हे आपण पाहतो. म्हणून माझी सूचना अशी. दोन्ही खोल्या तिच्यासाठी ठेवाव्यात. चार खाटा, आतून लागणारी कडी, गरम पाणी, कपडे धुवायला दगड, वाळत घालायला दोरी. भिंतीवर ठळक अक्षरांत नियम. भाडे थोडे, पण घ्यावेच. फुकटाने तिचा मान राहणार नाही आणि खोल्याही नीट राहणार नाहीत. ओळखपत्र पाहावे, नोंदवही ठेवावी. आणि अपंग सैनिकाची सेवा करणारी बाई एकटी आली, तरी तिला तिच्या स्वतःच्या नावाने जागा मिळावी.

दालनाची हौस वाईट नाही. हळदीकुंकवाला पुढचा सभामंडप आपल्याला आजवर पुरला आहे, पुढेही पुरेल. निर्णय सभेने घ्यायचा आहे. तो होकाराचा झाला, तर पहिल्या महिन्याची झाडलोट आणि नोंदवही माझ्याकडे लावावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.