कौल मागण्यापूर्वी प्रश्न लिहावा लागतो

(सोलापूरच्या नवी पेठेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



इंग्लंडच्या संसदेत काय गोंधळ झाला याच्याशी सोलापूरकराचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर अक्कलकोटच्या वाटेवर आहे. पण तेथे आज आपल्याला लंडन आणि पणजी या मार्गाने जावे लागेल.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटिश जनतेला एक प्रश्न विचारण्यात आला : युरोपीय महासंघात राहावे की तो सोडावा? ५१.९ टक्के मतदारांनी ‘सोडावा’ असे सांगितले. सोडून जायचे कोठे, हे मात्र मतपत्रिकेवर लिहिलेले नव्हते. कोणाच्या मते महासंघ सोडायचा, पण जकातीची सामाईक व्यवस्था ठेवायची. कोणाच्या मते नॉर्वेप्रमाणे बाजारपेठेत राहायचे. कोणाला सारेच धागे तोडायचे होते. अर्थ तीन-चार आणि शब्द एकच! तो शब्द घेऊन ते प्रकरण संसदेच्या दारात आले.

पुढे जे घडले ते संसदीय लोकशाहीच्या माहेरघरी घडले, हे विशेष. १५ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला. १२ मार्चला तो पुन्हा पडला, २९ मार्चला तिसऱ्यांदा पडला. मधल्या काळात सभापतींनी १६०४ सालापासूनचा संकेत काढून दाखवला, की तोच प्रस्ताव त्याच अधिवेशनात पुनःपुन्हा मांडता येत नाही. २७ मार्चला सभासदांनी सूत्रे आपल्या हाती घेऊन आठ पर्यायांवर मते दिली; आठही पडले. १ एप्रिलला जकात-संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हुकला. नको काय, हे संसदेला ठाऊक होते. हवे काय, यावर बहुमत होत नव्हते. सभागृह विसर्जित करावे, तर २०११ च्या कायद्याने त्यासाठी दोनतृतीयांश मतांची अट घातलेली. बोरिस जॉन्सन यांनी संसद काही आठवडे संस्थगित केली, तर २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने ते बेकायदा ठरवले. अखेर डिसेंबरात निवडणूक झाली, सत्तापक्षाला ८० चे मताधिक्य मिळाले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले.

या साऱ्यात खरा काटा होता आयर्लंडचा. दोन आयर्लंडांमधील सीमा सुमारे पाचशे किलोमीटरची. १९९८ च्या करारानंतर तेथे शांतता नांदू लागली, ती सीमा जाणवेनाशी झाल्यामुळे. महासंघ सोडला की त्या सीमेवर जकात आली, तपासणी आली, आणि पहारा आला की जुनी जखम उघडी पडण्याचे भय आले. ज्या व्यापाऱ्यांनी आपल्या शहराच्या वेशीवरचे जकात नाके पाहिले आहेत, त्यांना हे विस्ताराने सांगायला नको. पण २०१६ च्या प्रचारसभांतून या सीमेचा विचार किती अल्प झाला होता!

आता पणजीला येऊ.

गोव्याचा खरा राष्ट्रीय प्रश्न १९ डिसेंबर १९६१ रोजी सुटला. जगन्नाथराव जोशींसारखे कार्यकर्ते १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले, ते गोमंतक भारतमातेच्या कुशीत यावा म्हणून. तो कोणत्या राज्याचा जिल्हा व्हावा यासाठी नव्हे. तो दुसरा प्रश्न मुक्तीनंतर उभा राहिला. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. त्यांचे म्हणणे : आम्हांला निवडले म्हणजे विलीनीकरणालाच निवडले. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सचे म्हणणे : सरकार निवडणे वेगळे आणि भूमीचे भवितव्य ठरवणे वेगळे. १९६५ साली गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्याही विधिमंडळाने विलीनीकरणाचा ठराव केला. तरी प्रश्न हलेना. कारण विधानसभेतील थोड्याशा बहुमतावर एवढा निर्णय घ्यायला दिल्ली धजत नव्हती. लंडनचा पेच म्हणतात तो हाच, फक्त अर्धशतक आधी.

दिल्लीने मग जे केले ते लक्षात घ्यावे. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा स्वतंत्र कायदा संमत केला. ‘महाराष्ट्र हवा की नको’ असा मोघम प्रश्न त्यात नव्हता. दोन्ही उत्तरांना पत्ता होता : गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे? विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही आपण कोठे चाललो आहोत हे समजत होते. मतदानापूर्वी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली आणि सत्तेच्या बळावर कौल फिरवल्याचा आरोप करायला जागा उरली नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

आपल्याकडे पुष्कळांना तो निकाल झोंबला. मराठी मनाला तो झोंबावा हे स्वाभाविकही होते. ख्रिस्ती मतांनी घात केला, असे अजूनही सहज बोलले जाते. परंतु गोव्यात हिंदू बहुसंख्य होते; त्यांच्यातील बऱ्याच जणांनी दोन पानांवर शिक्का मारल्याखेरीज हे गणित जुळत नाही. आणि गंमत पाहा, विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत प्रभावी प्रचार ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातून झाला. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यासाठीच गाजले. मराठी वाचणे आणि मुंबईहून कारभार चालणे या दोन गोष्टी गोमंतकीयाने वेगळ्या मानल्या. आपल्याला ते पटो वा न पटो, त्याने विचार करून मत दिले एवढे मान्य करावे लागते.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. बांदोडकर हरले आणि त्यांनी निकाल मानला. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी त्यांनाच पुन्हा सत्तेवर बसवले आणि १९७३ साली निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्री राहिले. ज्या मागणीसाठी पक्ष जन्मला ती मागणी जनतेने नाकारली, पण त्या मागणीच्या नेत्याला नाकारले नाही. हरलेल्यांचे राष्ट्र हरवले नव्हते, म्हणून हे शक्य झाले. फूल जिंकले असते तरी भारत, पाने जिंकली तरी भारतच.

युरोपीय महासंघ हा करारातून जन्मला. म्हणून त्याच्या करारात कलम ५० आहे, बाहेर जाण्याची नोटीस देण्याचे. आपल्या घटनेत तसे कलम नाही. आपल्याकडे अनुच्छेद ३ आहे, घरातल्या खोल्यांच्या भिंती सरकवण्याचे. राज्यांच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. भारत हा बाजारपेठेच्या सोयीसाठी केलेला तह नव्हे, हे आपण बौद्धिकांतून ऐकत आलो. घटनाकारांनी ते कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले आहे.

परंतु भिंत सरकवतानाही घरातल्यांना विचारावे लागते, आणि नेमके विचारावे लागते. येथे आपण अक्कलकोटच्या वाटेला लागतो.

१९६६ च्या अखेरीस दिल्लीने दोन तंट्यांवर दोन वेगळी औषधे दिली. गोव्याला मतपेटी दिली. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर महाराष्ट्र-म्हैसूर सीमातंट्याला न्या. मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग दिला. ऑगस्ट १९६७ मध्ये आयोगाचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांसह २४७ गावे म्हैसूरला. बेळगाव आहे तेथेच. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक आजवर त्यालाच धरून बसले. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमुखी ठराव केला, तर कर्नाटकाच्या विधिमंडळाने त्याच्या उलट. दोन सभागृहे, दोन एकमुखी ठराव आणि प्रश्न जागच्या जागी!

बेळगावातील मराठी माणसाने दशकानुदशके जे सोसले त्याविषयी या सभागृहात दुमत नसेल. आपला आग्रह खेडे हा घटक मानावा आणि लोकेच्छा पाहावी, असा आहे. तो न्याय्यच आहे. पण लोकेच्छेचे तत्त्व एकाच दिशेने चालत नाही. २०२२ च्या त्याच हिवाळ्यात जत तालुक्याच्या पूर्व भागातील आणि अक्कलकोट तालुक्यातील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. आपण संतापलो. मात्र त्यांचे म्हणणे नीट ऐकले, तर त्यात भाषेपेक्षा पाणी अधिक होते, रस्ता अधिक होता. जतला म्हैसाळ योजनेचे पाणी वेळेवर पोहोचले असते, तर हा प्रश्न किती गावांनी काढला असता?

आणि सोलापूर तरी एका भाषेचे कधी होते? १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा एक नव्हत्या. आपल्या चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या पद्मशाली समाजाच्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. त्यांना कोणी ‘तुम्ही कोणत्या राज्याचे?’ असे विचारत नाही.

सीमाभागात कधी कौल घ्यायची वेळ आलीच, तर त्या मतपत्रिकेवर काय लिहायचे ते आधी ठरवावे लागेल. गाव गेले तर मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची राहील? सात-बाऱ्याची नोंद कोणत्या भाषेत होईल? सोसायटीचे कर्ज कोणाकडे फेडायचे? धरणाच्या पाण्यावरचा हक्क टिकेल की संपेल? ज्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही आहेत, त्या घराची रेशनपत्रिका कोठली? ब्रिटनने असे प्रश्न मतदानानंतर विचारले आणि त्यांत साडेतीन वर्षे घालवली. गोव्याच्या वेळी संसदेने निदान मुख्य प्रश्न मतदानाआधी लिहून दिला होता.

अशी यादी करायला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरील गावांत जाऊन, दोन्ही भाषांत, घरोघरी विचारून आपले कार्यकर्तेही ती करू शकतात. आज त्या भागातून काही मंडळी आली आहेत असे कळले. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. प्रथम त्यांनी बोलावे, ही विनंती.