मधुमेहाचे अबोल लक्षण

मूत्रपिंड निकामी झालेल्या मनुष्यास कोणी भेकड म्हणत नाही. दृष्टी मंदावली म्हणून कोणाच्या शीलाविषयी शंका घेतली जात नाही. परंतु मधुमेही पुरुषाच्या जननेंद्रियास ताठरता येईनाशी झाली, की तिच्यासाठी रूढ असलेले शब्द रोगाला सोडून रोग्यालाच लागतात. षंढ, नपुंसक, क्लीब हे शब्द म्हणजे निदान नव्हे, शिव्या आहेत. मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिणारे कोणी झालेच नाही, असे मात्र नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले सोसून, ते चालविले. तरीही या व्यथेचा पहिला सल्लागार आजही पुष्कळदा भिंतीवरील जाहिरातीतला वैदूच असतो.

वस्तुतः ताठरता ही प्रथमतः रक्ताभिसरणाची क्रिया होय. मज्जातंतूंकडून संदेश येतो, रक्तवाहिन्यांचे स्नायू शिथिल होतात व इंद्रियातील पोकळ्या रक्ताने भरतात. स्नायूंना शिथिल करणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड. मज्जातंतूंप्रमाणेच रक्तवाहिनीचे अतिशय पातळ आतील अस्तरही तो निर्माण करते. या अस्तराचे महत्त्व रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० साली दाखविले. सशाच्या महाधमनीच्या तुकड्याचे अस्तर खरवडून निघाले, तर जे द्रव्य एरवी तिला सैल करते ते दिल्यावरही ती सैल होत नाही, असे त्यांना आढळले. या संशोधनाबद्दल त्यांना इग्नारो व मुराद यांच्यासह १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मधुमेहात नेमके हेच अस्तर आजारी पडते. वर्षानुवर्षे वाढलेली साखर नायट्रिक ऑक्साइडचा नाश करणारी द्रव्ये उत्पन्न करते. रक्तातील पांढऱ्या पेशी अस्तरास चिकटू लागतात आणि तेथे मंद, वेदनारहित दाह सुरू होतो. या दाहात ना ताप, ना ठणका. म्हणूनच तो लक्षात येत नाही. त्यात मज्जातंतूंच्या हानीची भर पडते. बॉस्टनजवळ ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. एकंदर पुरुषांत पूर्ण असमर्थतेचे प्रमाण शेकडा सुमारे १० होते. मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत ते २८ होते.

दाहास खतपाणी घालते ती मुख्यतः पोटातील चरबी, आणि येथे पुण्याचे एक छायाचित्र आठवते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे हे चित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२! दिसण्यात सडपातळ पण अंतरी मेदयुक्त, असा हा भारतीय देह. युडकिन यांनी स्वतःच १९९९ साली चरबी, दाह व अस्तराचा बिघाड यांचा परस्परसंबंध मांडला होता.

हा देह घेऊनच मराठी तरुण नोकरीसाठी दूरदूर जातात. बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा असाच भाग. व्हाइटफील्डच्या संगणक-कचेऱ्या तेथेच आहेत. दिवसभर बैठे काम, रात्री उशिरा जेवण, आणि सदरा सैल बसतो म्हणून प्रकृतीविषयी निश्चिंतता. कन्नडमध्ये मधुमेहाला ‘सक्करे कायिले’ म्हणतात, हे नवागताला लवकर कळते. पण आपली खरी तक्रार मातृभाषेतही ज्याला उच्चारता येत नाही, तो ती परक्या भाषेत डॉक्टरांपुढे कशी मांडणार?

आणि ती न मांडण्याची किंमत मोठी आहे. इंद्रियाच्या धमनीचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, तर हृदयाच्या धमनीचा तीन ते चार. रोग एकच असला तरी अरुंद वाट आधी अडते. म्हणून हे लक्षण पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी प्रकट होते. अशा रुग्णाचा रक्तदाब, रक्तातील मेद व हृदय यांची तपासणी त्याच वेळी व्हावयास हवी.

१९९८ पासून मिळू लागलेली सिल्डेनाफिलची गोळी अनेकांना उपयोगी पडते, मधुमेह्यांना काहीशी कमी. पण छातीतील कळेसाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतली, तर रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते. मित्राकडून गुपचूप गोळी घेणाऱ्याला हे सांगणार कोण? धूम्रपान सोडणे, रोज चालणे, पोट उतरविणे व साखर आटोक्यात ठेवणे यांनी रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारू शकते. मात्र गेलेले सारे परत येईलच, असे नाही. मनाचा भागही उपेक्षणीय नाही. पहाटे आपोआप येणारी ताठरता कायम असेल, तर कारण बहुधा चिंतेत शोधावे लागते. म्हणून डॉक्टर तो प्रश्न विचारतात. त्या वेळी पत्नी सोबत असली तर बरे. पतीचे हे दूर राहणे म्हणजे आपल्याविषयीची अनास्था, अशी समजूत तिने कित्येक महिने मनाशी धरलेली असते.