मेलेला उंदीर सांगून जातो, जिवंत सांगत नाही



मागच्या रविवारी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी माळा आवरायला काढला. पोत्यांच्या मागे उंदराच्या लेंड्यांचा थर. मी झाडू उचलला, तर आजी खालून म्हणाली, "मेलेला उंदीर दिसला का रे?" म्हटलं, "नाही." "मग काही नाही, झाड."

आजी बीडची, त्यामुळे हा प्रश्न कुठून येतो ते मला माहितीये. ऑगस्ट 1994. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरून पडले, पिसवा वाढल्या, मग माणसांना ताप आला, जांघेत गाठी आल्या. प्लेग! आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. लोक भीतीने घराबाहेर राहिले, धान्य आतच राहिलं आणि उंदरांची चंगळ झाली, असं तेव्हा सांगितलं गेलं.

पण प्लेग हा जिवाणूंचा आजार. त्यात उंदीरही मरतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, सिस्टिम पडायच्या आधी अलर्ट येतो. आजीचा नियम त्या अलर्टवर बांधलेला आहे.

हंटाव्हायरसमध्ये हा अलर्टच नाही. कोरियाच्या युद्धात तीन हजारांवर सैनिक ताप येऊन, किडन्या निकामी होऊन आजारी पडले. कारण सापडायला 1976 उजाडलं. हो वांग ली या शास्त्रज्ञांना ते शेतातल्या उंदरांच्या फुप्फुसात सापडलं. 1993 मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात पाऊस चांगला झाला, रानात बिया भरपूर आल्या, उंदीर वाढले आणि धडधाकट तरुण माणसं दम लागून गेली. तिथल्या त्या प्रकारात दहापैकी जवळपास चार जण दगावतात.

दोन्हीकडे उंदीर मात्र ठणठणीत! विषाणू त्याच्या लघवीत, लेंडीत, लाळेत असतो. ते वाळतं, आपण झाडू मारतो, धूळ उडते आणि ती श्वासातून आत जाते.

घाबरायचं नाही. अमेरिकेतला तो उंदीर आपल्याकडे नाही. पण भारतातही काही लोकांच्या रक्तात हंटाच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत. आणि काळजी घ्यायला खर्च तो काय?

म्हणून मी झाडू ठेवला. खिडक्या अर्धा तास उघड्या टाकल्या. मास्क, हातमोजे घातले. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं लेंड्यांवर शिंपडलं, पाच मिनिटं थांबलो आणि ओल्या फडक्याने पुसून घेतलं. कोरडं झाडणं नाही, व्हॅक्यूम क्लीनरही नाही.

आणखी एक. अशा साफसफाईनंतर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा. आपल्याकडे पावसाळ्यात उंदरांमुळे होणारा लेप्टो जास्त दिसतो. त्यावर औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हायला हवं. हंटावर असं खास औषध नाही; लवकर दवाखाना गाठणं हाच आधार.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जित्या उंदरालाच जास्त भ्यायचं म्हण की!"

बरोबर, आजी. भेटू पुढच्या भागात.