पित्याचे घरातील स्थान



केंद्र सरकारने १९९७ साली आपल्या कर्मचाऱ्यांस दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व-रजा दिली. २०१७ च्या कायदादुरुस्तीने मातेची रजा २६ आठवडे झाली. पित्याचा उल्लेख तीत आला नाही. कायदा व्हावयाचा तेव्हा होवो; घरातील उणीव आपणच भरून काढली पाहिजे. आपल्या वांद्र्यातील कित्येक पिते मुले उठण्यापूर्वी गाडी गाठतात व ती निजल्यावर परततात. अशा बापाची ओळख प्रगतिपुस्तकावरील सहीपुरतीच उरते. एखादा तरुण पिता तान्ह्यास न्हाऊ घालू लागला, तर आपण वडीलधाऱ्यांनी त्यास हसू नये. उलट शाबासकी द्यावी. रविवारचा एक प्रहर तरी मुलांसाठी राखून ठेवा, एवढेच माझे मागणे आहे.