टर्बो बदलण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी सगळ्यांनी आपापली ओळख सांगितली. कुणी शिक्षक झालंय, कुणी नर्स, कुणी पुण्याला कंपनीत आहे. मी ट्रॅक्टरचा फिटर आहे. संयोजकांनी बजावलंय, आठवणी नुसत्या सांगू नका, आपल्या कामातलं एखादं उपयोगाचंही सांगा. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या दारात तरी ट्रॅक्टर आहे. म्हणून दसऱ्यापासून होळीपर्यंत माझ्याकडं सगळ्यात जास्त येणारी एक तक्रार घेतो : "ट्रॅक्टर ओढत नाही."

ही तक्रार साधी नाही. आपल्या बीड जिल्ह्यातनं दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. टोळीला उचल दिलेली असते, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो. ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला, तर तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं, खेप बुडते. आणि धारूरच्या घाटासारख्या चढाला भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं असताना इंजिन दबलं, तर प्रश्न जिवाचा होतो.

आता हे इंजिन समजून घेऊ. विज्ञानाच्या तासाला सरांनी पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला होता. हवा संपली, मेणबत्ती विझली. डिझेल इंजिनाचंही तसंच आहे. जितकी हवा आत जाईल, तितकंच डिझेल नीट जळेल. टर्बो काय करतो? सायलेन्सरकडं निघालेल्या गरम धुरावर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. हे पंखे मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतात. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आज बर्फाच्या डोंगरात पळणाऱ्या स्नोमोबाईललाही टर्बो असतो, कारण उंचावर हवा विरळ असते. तिथली गाडी दबली काय नि आपला ट्रॅक्टर दबला काय, दोष शोधायची वाट बरीचशी एकच.

पहिलं काम, धूर बघा. लोड आल्यावर काळा धूर निघतो आणि ओढ नाही, म्हणजे डिझेल जातंय पण हवा कमी पडतीय. धूरही नाही आणि ओढही नाही, तर बहुतेक डिझेलच पोचत नाही. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. आणि इंजिनाची रेस वाढतीय पण ट्रॅक्टर पुढं सरकत नाही, तर इंजिनाला हात लावू नका, क्लच बघा. ब्रेक धरून बसलाय का, तेही बघा.

हवा कमी पडत असेल, तर ती ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं बाहेरून आत चला. आधी एअर फिल्टर. फडातली धूळ आणि पाचटाचा भुसा यांनी तो पंधरा दिवसांतही चोंदतो. कागदी फिल्टर टायरवर आपटू नका, पाण्यानं धुऊ नका. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा. फाटला असेल तर बदला. फिल्टर काढून ट्रॅक्टर तर कधीच चालवू नका. नुसती धूळ पंख्याची पाती खाते, मग लायनर-पिस्टन खाते.

त्यापुढं फिल्टर ते टर्बो हा रबरी पाईप. जुना झाला की त्याचा आतला थर सुटतो. उभ्या इंजिनावर पाईप चांगला दिसतो. लोडवर ओढ लागली की आतून चिकटतो. मग टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हे पाईप. इथं हवा दाबाखाली असते, त्यामुळं क्लिप ढिली असली तरी शिट्टी वाजते. इंटरकूलरची जाळी भुशानं भरली असेल तर साफ करा. एक्झॉस्टच्या जोडाजवळ काजळीचा पट्टा दिसला, तर तिथनं धूर गळतोय आणि टर्बोला जोर मिळत नाही.

डिझेल पोचत नसेल, तर डिझेल फिल्टर, पाण्याची वाटी, टाकीच्या झाकणाचं भोक आणि पाईपातनं शिरणारी हवा. यातलं बरंच काम पान्याचं आहे, पैशाचं नाही.

मागं एक मुकादम ट्रॅक्टर घेऊन आला. कारखान्यावर कुणीतरी सांगितलेलं, टर्बो गेला, नवा टाका. पैसे उसने काढायची तयारी झालेली. मी इंटरकूलरच्या पाईपाखालनं हात फिरवला, तर बोटं काळ्या ऑईलानं माखली. खालच्या अंगाला बोटभर चीर होती. उभ्यानं ती मिटलेली असायची, लोडवर दाब आला की तोंड उघडायची. पाईप बदलला, क्लिपा आवळल्या. त्याच संध्याकाळी तो फडाकडं निघाला.

टर्बो खरंच जातो का? जातो. इंजिन बंद आणि गार असताना पाईप काढून दांडा हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतं. पुढं-मागं हलला किंवा पातं घराला घासत असलं, तर टर्बो गेला. पण तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑईल जुनं होतं, कमी होतं की त्याची नळी चोंदली होती? कारण तसंच राहिलं, तर नवाही त्याच वाटेनं जातो. भरल्या लोडवरनं आल्यावर लगेच चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटं इंजिन हळू चालू द्या, म्हणजे टर्बोला ऑईल मिळत राहतं. आणि चालू इंजिनावर टर्बोच्या उघड्या तोंडाजवळ हात, रुमाल, उपरण्याचं टोक काहीही नेऊ नका.

मित्रांनो, यंदा फडावर जाण्याआधी एक दिवस काढा. फिल्टर, सगळे होज, क्लिपा, ऑईल बघून घ्या. एक जादा होज आणि चार क्लिपा टूलबॉक्समध्ये ठेवा. ड्रायव्हर पोराला शेजारी उभं करून हे दाखवा, कारण रात्री दोन वाजता चढाला तोच असतो, आपण नसतो. कुठं अडलं तर मला फोन करा. लोडवर कोणता धूर निघतो, एवढं आधी बघून ठेवा. पुढचं फोनवर सांगता येतं.