विजेच्या मोटारगाडीने रोजची ये-जा : खर्च आणि सोय

विजेच्या बळावर कामाला जाण्याची सवय महाराष्ट्राला शंभर वर्षांची आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदर स्थानकातून कुर्ल्याकडे निघालेली आगगाडी ही भारतातील विजेवर धावलेली पहिली गाडी होय. तेव्हापासून मुंबईचा चाकरमानी सकाळ-संध्याकाळ विजेनेच प्रवास करीत आला आहे. आगगाडीला मात्र वीज डोक्यावरील तारेतून अखंड मिळत असते. मोटारगाडीला ही सोय नाही. तिला आपली वीज स्वतः वाहून न्यावी लागते, आणि खर्चाचा व सोयीचा सारा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. म्हणजे ३५ लिटरची टाकी भरलेली गाडी तीनशेहून अधिक युनिट ऊर्जा घेऊन निघते. विजेवर चालणाऱ्या लहान गाडीतील बॅटरीत अवघी २४ युनिट मावतात. एवढी तफावत असूनही ती गाडी एका भारणात दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जाते. याचे कारण असे की, पेट्रोलचे इंजिन आपल्याला मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचविते आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, तर विजेच्या मोटरमध्ये फारच थोडी ऊर्जा फुकट जाते. बंगळूर येथे तयार झालेली ‘रेवा’ २००१ साली रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या आणि ऐंशी किलोमीटरच्या आसपास तिची धाव संपत असे. लिथियमच्या बॅटरीने ती मर्यादा ओलांडली. तालुक्याच्या गावी रोज जाऊन येणाऱ्याला विजेच्या गाडीचा विचार करता येऊ लागला तो त्यानंतर.

हा विचार हवेत करण्यापेक्षा एखादा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून केलेला बरा. नाशिकहून सिन्नर सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पंचायत समिती, शाळा-महाविद्यालये, बँका, औद्योगिक वसाहत अशा निरनिराळ्या ठिकाणी काम करणारी अनेक माणसे नाशिकला राहून सिन्नरला जातात. (कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे हा नियम सर्वांना ठाऊक आहे, आणि तो कितपत पाळला जातो हेही, तो विषय येथे नको.) जाऊन-येऊन साठ किलोमीटर आणि महिन्याला बावीस दिवस काम धरले, तर वर्षाला जवळजवळ सोळा हजार किलोमीटर होतात. पेट्रोलवरील लहान गाडी वातानुकूलन चालू ठेवून लिटरला सोळा किलोमीटर देते असे मानले, तर वर्षाला हजार लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरता तो खर्च १ लाख ५ हजार रुपये होतो.

त्याच रस्त्यावर विजेच्या गाडीला किती वीज लागेल? येथे एक चूक हटकून होते. बॅटरीतील युनिट मोजून हिशेब केला जातो. वीजबिल मात्र भिंतीतील सॉकेटपाशी मोजलेल्या विजेचे येते. चार्जिंग होताना काही वीज उष्णतेत जाते. हे धरून एका युनिटमागे ६.४ किलोमीटर मानले, म्हणजे वर्षाला २,५०० युनिट झाले. महिन्याचा भार दोनशे युनिटांहून थोडा अधिक पडतो.

या दोनशे युनिटांचा दर कोणता, हा कळीचा मुद्दा आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच अधिक आणि ३०१ ते ५०० चा त्याहूनही अधिक. एखाद्या कुटुंबाचा वापर महिन्याला सव्वाशे युनिट असेल, तर स्वस्त टप्पा त्याने आधीच संपविलेला असतो. गाडीसाठी लागणारे प्रत्येक युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि शेवटची काही युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातात. वहन आकार व वीज शुल्क मिळवून सरासरी तेरा रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ३२,५०० रुपये होतो. विजेच्या गाडीचा प्रवास किलोमीटरमागे एका रुपयात होतो, असे विक्रेता सांगतो तेव्हा त्याने कोणत्या टप्प्याचा दर धरला आहे हे विचारून घ्यावे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग ठरविलेला आहे, आणि वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२४ साली दुरुस्ती होऊन वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा ग्राहकाला मिळाली आहे. अशा जोडणीवर युनिट नऊ रुपयांना पडले, तर तेरा रुपयांच्या मानाने वर्षाला दहा हजार रुपये वाचतात. घराच्या छपरावर सौर पॅनेल असेल तर चित्र आणखी पालटते. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि एवढा संच महिन्याला तीनशे युनिटांच्या आसपास वीज देऊ शकतो. घर आणि गाडी या दोहोंचा बराचसा भार त्यावर निघतो. मात्र छप्पर स्वतःचे हवे. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाला यातील काहीच उपलब्ध नसते. त्याला सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्रावर जावे लागते, आणि तेथे युनिटला बावीस रुपये पडले तर वर्षाचा खर्च ५५ हजारांवर जातो.

आता खरेदीची बाजू. लहान पेट्रोल गाडी साडेसहा लाखांना आणि तिच्याच तोडीची विजेची गाडी दहा लाखांना मिळते असे समजू. विजेच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील करही २८ वरून १८ टक्के झाल्याने दोहोंतील अंतर पुन्हा वाढले. खासगी मोटारगाडीला केंद्राचे थेट अनुदान नाही. वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत मिळणारी आयकराची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. राज्याची सवलत मात्र ठोस आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो, विजेच्या गाडीला तो माफ आहे. साडेसहा लाखांच्या गाडीवर हे ७१ हजार रुपये होतात. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यातही १५ टक्के सूट आहे, परंतु गाडीची किंमत जास्त असल्याने विम्याचा एकूण हप्ता बहुधा अधिकच येतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू व समृद्धी महामार्ग यांवर पथकर माफीची तरतूद आहे. रोज सिन्नरला जाणाऱ्याला तिचा लाभ मुंबईची वारी घडेल तेव्हाच.

हे सारे जमेस धरून आणि घरातील वायरिंग व अर्थिंगचा खर्च मिळवून विजेची गाडी सुमारे तीन लाखांनी महाग पडते. घरी चार्जिंग करणाऱ्याची इंधनात साडेबहात्तर हजार आणि देखभालीत पाचेक हजार अशी बचत मानली, तर हे पैसे चार वर्षांच्या आत फिटतात. हे तीन लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर घेतले, तर व्याजच ७३ हजारांच्या पुढे जाते आणि फेडीचा काळ पावणेपाच वर्षांवर येतो. सार्वजनिक केंद्रावर अवलंबून असणाऱ्याला जवळजवळ सात वर्षे थांबावे लागते. बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. म्हणजे पहिल्याचा हिशेब हमीच्या काळात सहज बसतो, दुसऱ्याचा कसाबसा.

आणि ज्याचे कार्यालय दहाच किलोमीटरवर आहे त्याचे काय? त्याची वर्षाची धाव सव्वापाच हजार किलोमीटर, बचत सव्वीस हजारांच्या घरात, आणि फरक फिटायला व्याज न धरताही साडेअकरा वर्षे. विजेची गाडी जवळच्या फेरीसाठी उत्तम, असा सर्वसाधारण समज आहे. सोयीच्या दृष्टीने तो खरा आहे. पैशाच्या दृष्टीने नेमका उलटा आहे. जो जास्त फिरतो त्यालाच ती परवडते.

सोयीचा विचार करता साठ किलोमीटरच्या फेरीत अडचण वाटते तेवढी नाही. रोज नऊ-दहा युनिट भरावी लागतात. सोळा अँपिअरच्या सॉकेटवर साधारण तीन किलोवॅटने चार्जिंग होते, तेव्हा तीन-साडेतीन तास पुरतात. एखाद्या रात्री वीज गेली तरी दुसऱ्या दिवशीची फेरी शिल्लक चार्जिंगवर होऊन जाते. मोहदरी घाट चढताना वीज जास्त जाते. संध्याकाळी उतरताना तीच मोटर जनित्राचे काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या उष्णतेत जाणारी ही ऊर्जा. काळजी घ्यावयाची ती घरातल्या वायरिंगची. जुन्या घरांतील बारीक तारा आणि नावापुरते अर्थिंग तीन तासांचा सलग भार सोसण्याच्या लायकीचे नसते, आणि मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. परवानाधारक तारतंत्रीकडून हे तपासून घेण्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

याच रस्त्यापासून फार दूर नाही असे एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र ध्यानात घेतले, की धुराचा प्रश्नही येतो. राज्याची बरीचशी वीज अद्याप कोळशावर तयार होते. गाडीच्या मागून निघणारा धूर बंद झाला तरी एकलहरे, चंद्रपूर किंवा कोराडीच्या धुराड्यातून तो काही प्रमाणात निघतच राहतो. गर्दीच्या चौकातील हवेला मात्र ताबडतोब आराम मिळतो, आणि शाळा नेमक्या चौकांतच असतात. शिवाय तीस किलोमीटर रोज एकट्याने गाडीतून जाणे हा कोणत्याही इंधनावर महागडाच प्रकार. एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर चालतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात निम्मी सवलत आहे. चौघे सहकारी एका गाडीने जाऊ लागले, तर गाडी पेट्रोलची असो की विजेची, एवढा हिशेब करण्याची गरजच बरीच कमी होते.

दिवसा सूर्याची वीज मुबलक असते. म्हणूनच १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर सूट सुरू झाली. परंतु नोकरदाराची गाडी नेमकी याच वेळी घरी नसते. ती कार्यालयाच्या आवारात, शाळेच्या भिंतीलगत, पंचायत समितीच्या झाडाखाली आठ तास उभी असते. चार्जिंग केंद्र चालविण्यास विजेचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा एखाद्या ग्रामपंचायतीने आपल्या आवारात सौर पॅनेलखाली चार सॉकेट बसविले, प्रत्येकाला स्वतंत्र मोजणी ठेवली आणि युनिटमागे दर आकारला, तर भाड्याच्या घरातील शिक्षकाची अडचण सुटते आणि पंचायतीच्या उत्पन्नातही थोडी भर पडते. दर किती असावा, बिल कोणी वसूल करावे आणि सुटीच्या दिवशी आवाराची किल्ली कोणाकडे राहावी, हे ठरविणे त्या त्या गावाच्या मासिक सभेचे काम आहे.